बाबांच्या वाट्याचं नेट

चहा आधी पिऊन घ्या, कारण हे ऐकता ऐकता तो निवून जाणार. भूत पाहिलेला माणूस असा समोर बसून बिस्कीट बुडवताना कधी पाहिलाय तुम्ही? नाही ना? मग मला नीट बघून घ्या. मी पाहिलंय. भर दुपारी पाहिलंय, मोबाईलवर पाहिलंय, आणि सगळं घर दाराबाहेर उभं असताना पाहिलंय!

माझं रिसोडला बारदान्याचं दुकान. पोती, सुतळी, ताडपत्री. शाळेत मी फार टिकलो नाही. जे शिकलो ते बाबांच्या गल्ल्याशेजारी बसून. त्यांचा एक मंत्र होता, "माल कमी भरला तं आधी आपल्या काट्याखाली पाह्य, मंग दुसऱ्याचा खिसा तपास." हा मंत्र मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. स्वतः ऐकला असता तर आज हा किस्सा नसता.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. पण गेलेल्या माणसाचं नाव उडवायची आमच्याकडे पद्धत नाही. लाईटचं बिल बाबांच्या नावानं, नळ बाबांच्या नावानं, दुकानाची पाटी त्यांचीच. त्यांची खुर्चीसुद्धा बैठकीत फोटोखाली तशीच आहे. तिच्यावर कोणी बसत नाही.

आता घर म्हणाल तर गाव. दोघा भावांचा संसार, पोरं, सुना, पाहुणे, आणि या सगळ्यांत नेट एक! एक गाणी ओढतोय, एक गेम खेळतोय, आमची भावजय मसालेभाताची कृती पाहतेय आणि भात तिकडे करपतोय. यात मरण कोणाचं? माझ्या सुनेचं, प्रणालीचं. ती एका संस्थेसाठी लहान पोरांना दुपारी ऑनलाइन गणित शिकवायची. नोकरी अजून कच्ची. तास सुरू झाला की तिकडे पोरांना बाईंचं तोंड आधी दिसे आणि आवाज मागून येई. शेवटी संस्थेनं सांगितलं, पुढच्या गुरुवारी आम्ही स्वतः तास पाहणार. तुटला, तर दुसरी बाई बघू.

"मामाजी," ती मला म्हणाली, "मले कोनाचं जास्त नाई पायजे. फक्त माह्या वाट्याचं माह्यापाशी राह्यलं पायजे."

वाटा! अहो, वाटे पाडण्यात आमची हयात गेली. धाकटा भाऊ सुदाम भाजीपाला करतो. एका विहिरीवर आम्ही पाण्याची पाळी लावली आणि कधी भांडलो नाही. म्हटलं, नेट म्हणजे तरी काय, पाणीच! व्हिडिओ पाहून पाहून मी ते शिकलो. राउटरच्या यादीत प्रत्येक फोनला नाव दिलं, प्रत्येक नावाला वाटा दिला. कोणी आज किती ओढलं, तेही तिथंच दिसतं.

यादी खाली सरकवली आणि हात थांबला. तळाला एक नाव आधीपासूनच होतं. मी घातलेलं नव्हतं.

बाबा.

"जुन्या फोनचं राह्यलं असन," सुदाम म्हणाला. "काढून टाक."

"बापाचं नाव काढू?"

"मंग मर्यादा तं घाल!"

"बापाले मर्यादा घालू काय बे?"

शेवटी तसंच ठेवलं. सगळ्यांना ठरलेला वाटा, बाबांना मोकळं रान. असाही तो वाटा नावापुरताच. पितरांचा घास काढून ठेवतो, तसा.

दोन दिवस छान गेले. मी दुकानात बसून घरावर नजर ठेवू लागलो. दिवाळीत बैठकीत पोत्यांचे गठ्ठे ठेवले होते, तेव्हा बाबांच्या फोटोच्या वर एक कॅमेरा बसवला होता. तो मोबाईलवर लावायचा आणि बघत राहायचं, राउटरला कोणी हात लावतंय का.

आणि तिसऱ्या दुपारी प्रणालीचा फोन. "मामाजी, पुन्हा अटकून राह्यलं वो."

मी यादी उघडली. सगळे आपापल्या मर्यादेत. आणि तळाचं नाव चढून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं. बाबा. सगळ्या घरानं मिळून जेवढं ओढलं, त्याहून जास्त एकट्या बाबांनी!

बाबांना जेवणानंतर खुर्चीत बसून कुस्त्यांचे व्हिडिओ पाहायची सवय होती. वेळ? हीच.

सुदामला फोन लावला. "बैठकीत कोन हाय?"

"कोनीच नाई. दार लोटेल हाय."

"बाबाचा फोन?"

"कपाटात. त्याची बॅटरी तं कधीचीच काढली."

बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मोबाईल खिशात कोंबला आणि गाडीवर टांग टाकून घरी. पोचलो तर नेट धो धो वाहतंय! बाबा बंद.

रोज हेच. मी दुकानात असलो की बाबा चालू, मी उंबऱ्यात पाय ठेवला की बाबा चिडीचूप. हयातीत मी त्यांना भीत होतो. आता ते मला भ्यायला लागले की काय?

माय मात्र खुश. एका दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मधू, तू घरी नसला की त्यायच्या फोटोवर निळा ठिपका लागते. मंद. डोया उघडल्यासारखा. तू आला की इझते."

मी फोटोकडे वळलो. "तू पाह्यला?"

"रोज पाह्यतो. त्यायले काही पाह्यचं असन. पाहू दे. जित्तेपनी तू त्यायले कधी धड नेट पुरू देल्लं?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं राउटरसमोर ताट ठेवायला सुरुवात केली. भाकर, ठेचा, वर गुळाचा खडा.

गुरुवार उजाडला. मी फोटोपुढे हात जोडले. "बाबा, आजच्या दिवस पोरीले सोडा. उद्या दिवसभर कुस्त्या पाहा." सुदाम आणि प्रणाली सोडून घरातल्या सगळ्यांचे फोन गोळा केले आणि दुकानात जाऊन पहारा सुरू केला. डोळ्यांची पापणी लवू दिली नाही.

मोबाईलवर बैठक. खुर्ची. ताट. कोणी नाही. आणि तेवढ्यात सुदामचा फोन. "दादा, तास सुरू झाला न् पोरगी अटकली! रडकुंडीले आली ते!"

यादीत बाबा सुसाट.

आज सोडायचं नाही, म्हटलं. ऊन मरणाचं, म्हणून डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला. गाडीवरही मोबाईल हँडलच्या पिशवीत चालूच ठेवला. घरात शिरलो, बैठकीचं दार आतून लावलं आणि मनाचा धडा करून बाबांच्या खुर्चीत जाऊन बसलो. या, कोण येतं पाहू!

मोबाईलवर पाहिलं. आणि बर्फ झालो.

मी खुर्चीत बसलोय. मोबाईलमधली खुर्ची रिकामी.

चिमटा काढला, दुखलं. पुन्हा पाहिलं, रिकामी. मग मोबाईलमधलं दार हळूच उघडलं. पांढरा दुपट्टा बांधलेला एक म्हातारा आत आला. खांदा तोच, पाय टाकायची ढब तीच. त्यानं दार लावलं. सावकाश चालत आला, आणि मी बसलो होतो त्याच खुर्चीत, माझ्यावर, बसला!

"बाबाऽऽऽ!"

मोबाईल उडाला तो थेट पाण्याच्या माठात. मी ताटात. ठेचा डोळ्यांत.

सुदामनं दार धडाधडा ठोकलं. मी चाचपडत कडी काढली तर सगळं घर बाहेर उभं. आणि आतल्या खोलीतून प्रणालीचा आवाज, खणखणीत, न तुटता, "तर मुलांनो, भाकरीचे सगळे वाटे सारखे हवेत..."

तास संपवून ती आली. माठात पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओठ दाबत म्हणाली, "मामाजी, तुमी दुकानातून कॅमेरा पाह्यत होते? रोज?"

"पहारा देत होतो!"

"तो कॅमेराच तं सगळं नेट ओढते. तुमी पाह्यलं की निळा दिवा लागते, बंद केलं की इझते. आन् नेट अटकलं की चित्र मागून येते. आत्ता आले ते तुमीच होते."

"पन नाव?"

सुदाम कपाळ धरून बसला. "दादा! कॅमेरेवाल्यानं इचारलं होतं, कोनाच्या नावानं टाकू? तू गठ्ठे मोजत होता. म्हनला, आमचं सारंच बाबाच्या नावानं हाय, टाक बाबा!"

प्रणालीची नोकरी पक्की झाली. माझी किंकाळी तिकडे ऐकू गेली होती. आधी तास अटकला, वर हे, तरी बाई जराही न डगमगता पुढे शिकवत राहिल्या, म्हणूनच ठेवलं म्हणे. आता वाटे ती पाडते. माझा सगळ्यात लहान.

संध्याकाळी सुदामनं कॅमेऱ्यातलं ते चित्र मायला दाखवलं. तिनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मी तिच्या शेजारी सरकलो. म्हटलं, "माय, मी अगदी बाबांसारखा दिसायला लागलो ना?"

तिनं मोबाईल परत दिला.

"छे रे बाप्पा. हे कायचे तुहे बाबा? त्यायनं पयले आपल्या काट्याखाली पाह्यलं असतं."