समुंदराला नेलेलं पानी

आमच्या मालकानं जलमभर मीठ इकलं, पर सायकलवरून उतरून न्हाई. एक पाय गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर, दुसरा पायडलवर, अन तागडी हांडलला. मला बघायला आले तवा चहा बी तसाच पेले. माझा बाप म्हनला, "पावनं, आत या, बसा." तर हे म्हनत्यात, "बसलेलाच हाय की मामा." तवाच मी पळून जाया पायजे व्हतं.

घाटनांदूरच्या आसपासची खेडी फिरायचे. सत्तरी आली अन एक दिस मिठाच्या पोत्यासकट नालीत गेले. आमचा शिवा म्हनला, "आप्पा, बास. सायकल भंगारात घालतो." चार दिस मालक पोराशी बोलले न्हाईत. पाचव्या दिशी म्हनले, "चाळीस वर्सं मीठ इकलं, समुंदर न्हाई बघितला. एकटा जातो, त्याच्या कडंकडंनं चार दिस सायकल हाकतो. उतरलो तर घाल भंगारात. न्हाई उतरलो, तर पुन्ना नाव काढायचं न्हाई."

"अन चढ लागला तर?"

"येडा हायस का बे? पानी सपाट असतंय. त्याच्या कडंचा रस्ता चढंल कशाला?"

आमाला पटलं. समुंदर कुनी बघितला व्हता!

मी सायकलच्या मागं पंधरा लिटरचा पान्याचा कॅन बांधला. त्या उन्हाळ्यात टँकर आठव्या दिशी यायचा. समुंदराला पानी चाललंय म्हनून सारी गल्ली हासली. हासू द्या. मिठाचं पानी कुनी पितंय व्हय?

एका ट्रकात सायकल टाकून रत्नागिरीकडं गेले. तिसऱ्या दिशी भर दुपारी फोन. श्वास भात्यावानी.

"कावून फोन केला?"

"अगं, हितं डोंगरच डोंगर. एक उतरला की खाली खाडी, खाडी सरली की दुसरा उभाच. ऊन तर असलं, अंगावर माझंच मीठ झालंय."

"अन समुंदर?"

"हाय की खाली, निवांत लोळतोय. सगळा चढ आपल्यालाच." मग म्हनले, "हितली एक बाई म्हनतीय, काका, पानी ओता, हलके व्हाल, आमच्याकडं घरोघर विहीर हाय. वतू का गं?"

सायकल त्यांची, चढ त्यांचा, अन इचारत्यात मला. मी म्हनले, "मान मोडून आनलंय मी. वतायचं न्हाई."

"बरं," म्हनले.

मग फोन लागंना. शिवा माझ्याकडं बघंना. मी जवारी निवडत बसले. निवडलेलीच परत निवडली. दिस कलला तवा फोन आला. पयला शब्द, "कॅन हाय." मग सांगितलं, चढाच्या टोकाला घेरी आली, निम्मं पानी पेलं, बाकीचं डोक्यावर घेतलं.

चार दिसांनी आले. नाकाची सालं गेलेली. शिवानं इचारलं, "आप्पा, उतरला का?"

खोटं बोलाया काय झालतं? डोंगर काय साक्ष द्याया येनार व्हते? पर म्हनले, "उतरलो बे. लई लांब सायकलच माझ्यावर बसली व्हती."

मालकांनी सायकलची चावी त्याच्यापुढं धरली. मला बघवंना. मी म्हनले, "शिवा, सायकल चढली असती. कॅन चढंना. कॅन माझा. भंगारात घालायचं तर मला घाल."

शिवा हासला. चावी मालकांच्याच खिशात गेली.

औंदा उन्हाळ्यात मालक गेले. आमच्यात मानूस आडवं न्हाई ठिवत, बसवून मातीत देत्यात. खड्ड्यात बसवलेलं बघितलं अन मला वाटलं, निस्तं हांडल कमी हाय. सगळे रडत व्हते, माझं तोंड हासायला लागलं. मी पदर लावला. लोकांना वाटलं, रडतीय. वाटू द्या.

माती लोटून झाली. मी मसनात संगं आनलेल्या सायकलवरचा कॅन सोडला. काठोकाठ भरलेला. शिवा हळूच म्हनला, "आई, टँकर आजून चार दिसांनी येनार हाय."

मी सगळा वतला.