टेलिफोनशेजारी वही ठेवणाऱ्या सुमतीअक्का

सुमतीअक्कांची पहिली भेट झाली ती बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना चहासुद्धा धड विचारला नव्हता. आम्ही स्प्रिंगा बनवतो. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली होती, काम नसल्याने दोन मशिनांवर कापड टाकलं होतं, आणि नऊ कामगारांना काय सांगावं या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. वेबसाइट होती, पण इंटरनेटवर शोधणाऱ्याला ती सापडतच नव्हती. अक्कांनी नोकरीभर यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिलेली. एका स्नेह्यांनी गळ घातली म्हणून त्या येलहंका उपनगरातून दोन बस बदलून आल्या.

वेबसाइट वाचून म्हणाल्या, "अण्णा, 'बेंगळुरूतील सर्वोत्तम स्प्रिंग' हे एकोणीस वेळा लिहिलंय. विसाव्यांदा पटेल असं वाटलं होतं का?"

"लोक तेच शोधतात म्हणे."

"ज्याची स्प्रिंग तुटलीय तो शोधतो. आणि विचारतो, का तुटली."

मग त्यांनी टेलिफोनशेजारी वही ठेवली. येणारा प्रत्येक प्रश्न तिच्यात, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. दर मंगळवारी येऊन त्या एक प्रश्न उचलत आणि आमचे जुने कारागीर शिवण्णा यांच्याकडून उत्तर काढून घेत. लिहिलेलं शिवण्णांना वाचून दाखवल्याशिवाय वेबसाइटवर चढवायचं नाही, हा त्यांचा नेम. शिवण्णांनी मान डोलावली नाही, की अक्का कानडी वळणाने "स्वल्प थांबा," म्हणून पुन्हा लिहायला बसत.

एकदाच आमचं वाजलं. प्लेटिंगनंतर, म्हणजे धातूचा मुलामा चढवल्यावर, स्प्रिंगा भट्टीत तापवाव्या लागतात, नाहीतर त्या ठिसूळ होतात. एका खेपेला घाईत आम्ही ते टाळलं होतं, आणि गिऱ्हाइकाकडे त्या पटापट तुटल्या होत्या. अक्कांना ते लिहायचं होतं.

"माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा?" मी चिडलो.

"ही चूक ज्याने भोगलीय तोच ती नीट सांगेल, अण्णा."

दोन दिवसांनी मी हो म्हटलं.

तो मजकूर हळूहळू शोधात वर सरकला, अगदी पहिल्या चारांत आला. एके दिवशी कोइमतूरहून फोन: "आमच्याही तशाच तुटतायत. चूक कबूल करणारे तुम्हीच ना?" त्या कामासाठी शिवण्णांनी पहिल्या मशिनावरचं कापड काढलं. नऊच्या नऊ माणसं आज कामावर आहेत. आभार मानायला गेलो तर अक्का म्हणाल्या, "मी काय केलं? तुमचे फोन ऐकले."

आता अक्कांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. टेलिफोनशेजारी चौथी वही आली आहे. तिचं पहिलं पान शिवण्णांनी कोणाला लिहू दिलेलं नाही. ते अक्कांसाठी राखलंय. त्यांचे डोळे, गुडघे आणि तो तिरकस प्रश्न विचारायची सवय अशीच धडधाकट राहो, आणि अशा पुष्कळ वह्यांची पहिली पानं त्यांच्याच हातून लिहिली जावोत.