मीठ बघा, नंदाताई

माधवनगरातल्या मराठी समाजाच्या हॉलला ना मॅनेजर, ना चौकीदार. किल्ली तात्यांकडे, झाडू ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे, आणि स्वयंपाकघर नंदाताईंच्या जिभेच्या धाकात. रीत एकच: ज्या घरचं कार्य झालं, त्या घरानं पुढच्याच्या कार्यात शेगडी पेटवायची, रांधायचं, वाढायचं. बाकीचे हाताखाली. नवऱ्यामागं टॉवर चौकाजवळ फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या नंदाताई मात्र नंबर असो-नसो, पदर खोचून हजर. कुणाचं काही चुकलं, की पंगतीच्या पार शेवटच्या पानापर्यंत ऐकू जायचं.

अलकाच्या मुलाच्या मुंजीत तसंच झालं. यजमानीण असूनही नंदाताईंची नजर चुकवून आमटी अलकानंच केली होती. नंदाताईंनी आमटी चाखली आणि तिथूनच हाक मारली, "अगं अलका, ही आमटी आहे की क्षिप्रेचं पाणी? मीठ कुठंय?"

अलकाची सासरची मंडळी खो-खो हसली. अलका नाही हसली. त्या दिवसापासून नंदाताई समोरून आल्या की ती रस्ता बदलायची.

आणि त्यानंतरचं पहिलंच कार्य म्हणजे नंदाताईंच्या गौरीचं लग्न!

लग्नाच्या सकाळी नंदाताई नव्या साडीत हॉलच्या खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. आत बायका भाज्या चिरत होत्या, पण शेगडी थंड. नवऱ्याकडची माणसं देवासहून निघालीसुद्धा होती.

"तात्या, अलका नाही यायची. कशी येईल? मी बोललेच तशी."

"येईल गं."

"काही नाही. मीच पेटवते." त्या उठल्या.

म्हाताऱ्या तात्यांनी स्वयंपाकघराच्या दारात काठी आडवी धरली. "यजमानीणबाईंनी आत पाय ठेवायचा नाही. हा नियम कुणी केला?"

"मी केला. पण माझ्या लेकीचं लग्न आहे, तात्या!"

"प्रत्येकीच्या लेकीचंच असतं. बस."

बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना या हॉलमध्ये दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. आपण किती जणींना असं बसवलं, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि लगेच आतून गौरीचा आवाज, "आई, जेवणाचं झालं ना?" त्यांनी "हो गं" म्हटलं आणि डोळे टिपले.

बाहेर टेम्पो थांबला. आधी दह्याचे डबे उतरले, मग अलकाचा नवरा प्रसाद, तिच्या दोन जावा, आणि शेवटी कमरेला पदर बांधलेली अलका.

"नानाखेड्याच्या डेअरीवाल्यानं रखडवलं," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "मठ्ठ्याशिवाय लग्न होतं का?" मग नंदाताईंसमोर येऊन थांबली. "तुमच्या नियमाप्रमाणं चपला बाहेर काढल्यात. तपासा."

नंदाताई चपलांकडे न बघता तिच्याच तोंडाकडे बघत होत्या.

"असं काय बघताय? माझ्या मुलाच्या मुंजीत पहाटेपासून पुऱ्या कुणी लाटल्या? बोललात ते बोललात, पण हात कुणाचे होते? चला, बसा बघू."

शेगडी भडकली. हॉल फोडणीच्या वासानं भरला. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि अलकानं वाटीत आमटी घेऊन ती सगळ्यांसमक्ष नंदाताईंपुढे धरली.

"मीठ बघा."

नंदाताईंनी घोट घेतला. डोळे भरून आले. "छान झालीये. अगदी छान."

अलका दचकली. "तात्या, इकडे या! यांची तब्येत बरी नाही वाटतं."

"अगं, खरंच छान..."

"नंदाताई. नीट सांगा."

नंदाताईंनी पुन्हा चाखली. नाक ओढलं. "चिमूटभर कमी आहे."

"हां, अब ठीक है!" अलका आत वळून ओरडली, "जाऊबाई, मीठ आणा! लग्न लागलं बरं का आता!"

पंगत हसली. या वेळी अलका सगळ्यात मोठ्यानं हसली, आणि नंदाताई हातातली वाटी तशीच धरून, हसत-रडत तिच्याकडे बघत राहिल्या.