दोन डब्यांमधली हाक

शेजारच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध चिऱ्याची भिंत उभी राहिली. पुढचा भाग थोरल्याला, समुद्राकडचा धाकट्याला आणि बाप थोरल्याकडे, असं ठरलं. बाप म्हणजे एके काळचा तांडेल, होडीवर ज्याचा शब्द शेवटचा. आता लकव्याने वाचा गेली होती आणि फक्त उजवा हात थोडाफार चालत होता.

थोरला दिवसभर जेटीवर, त्याची बायको मासळी बाजारात. त्यामुळे म्हाताऱ्याला पाणी पाजणं, पेज भरवणं, कूस बदलणं धाकट्याची बायकोच करायची, मागे बांधलेल्या पर्यटकांच्या खोल्या सांभाळून. वाटणीत हे काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं, म्हणून ते तिच्याकडे आलं. ती बसायची खोल्यांच्या काउंटरवर, पार वाळूच्या कडेला. म्हाताऱ्याच्या उशाशी पितळेची घंटा ठेवून पाहिली, पण लाटांच्या आवाजात ती काउंटरपर्यंत पोचत नसे.

अशात, २०१०च्या सुमाराला, थोरल्याच्या पुण्यातल्या जावयाने एक कॅमेरा पाठवला. त्याला बटण जोडलेलं, ते म्हाताऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवलं. बटण दाबलं की घरातल्या कॉम्प्युटरवर घंटा वाजायची आणि दाबणारा दिसायचा. थोरल्याने कॅमेऱ्याला हार घातला आणि वाडीभर पेढे वाटले. ‘आमचा घर आता हुशार झाला,’ असं तो सांगत फिरला. घरातल्या माणसांबद्दल त्याने काही दावा केला नाही.

घंटा वाजली, पण थोरल्याच्या कॉम्प्युटरवर, जिथे दिवसा कुणी नसायचं. वाजायला हवी होती काउंटरवर. मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे, त्यामुळे वाडीत विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात होती. मला बोलावलं. मी मालवणातून इंटरनेट जोडणारा एक मेकॅनिक आणला. त्याने भिंतीच्या वरून, कौलांखालून वायर टाकली. तरी काउंटरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा सापडेना.

कारण साधं होतं. वाटणीनंतर दोघा भावांनी इंटरनेटही वेगळं घेतलं होतं, दोघांचे राउटरचे डबे वेगळे. धाकट्याच्या बायकोला मी तिच्याच भाषेत सांगितलं. कॅमेरा चालू झाला की कुकारो घालतो, मी इथे आहे म्हणून. ज्या कॉम्प्युटरला तो ऐकू येतो त्यालाच कॅमेरा सापडतो. पण डबा असला कुकारो आपल्या कुंपणाबाहेर जाऊ देत नाही.

“म्हणजे वायर आसा, पण हाक जाणा नाय,” ती म्हणाली. “ह्या दोघा भावांसारख्याच.”

मेकॅनिक म्हणाला, दोघांना एका डब्याखाली आणा, कटकट मिटेल. थोरल्याचा मुख्य ठेवायचा आणि धाकट्याचा नुसता त्याला जोडायचा. धाकटा उखडला. बापाची घंटा बाजूला राहिली आणि कुणाचा डबा कुणाच्या हाताखाली यावर दोघांची जुंपली. शेवटी दोघांना पटेल असा एकच तोडगा निघाला: देवाला कौल लावायचा.

देवळात मीही गेलो. देवाच्या अंगावर फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गुरवाला आधी सगळं समजावलं होतं, पण डबा, नेटवर्क हे शब्द गाऱ्हाण्यात बसेनात. त्याने आपल्या सवयीने सोपं केलं आणि विचारलं, ह्या दोन घरांचा एक करूचा काय म्हाराजा? दोघे भाऊ एकसुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा सूर जुळला होता. कळा डावा पडला.

“घरांचा खंय इचारूचा हुता?” धाकट्याची बायको मागून म्हणाली. “डब्यांचा इचारा मां.”

धाकट्याने तिला गप्प केलं. देवाला एकदा विचारलेलं पुन्हा विचारत नाहीत, आणि बायकोच्या सांगण्यावरून तर नाहीच.

डबे वेगळेच राहिले. मेकॅनिकने मग दुसरी वाट काढली. कॅमेऱ्याचा पत्ता काउंटरच्या कॉम्प्युटरवर हाताने लिहून दिला. कुकारो ऐकायची गरज नाही, कॉम्प्युटर थेट दारात जाऊन उभा राहील. फक्त लाइट जाऊन आली की थोरल्याचा डबा कॅमेऱ्याला नवा पत्ता देऊ शकतो, मग काउंटरला तो सापडणार नाही. पत्ता कायमचा करायला त्या डब्यात थोडा बदल लागेल. थोरल्याने सांगितलं, धाकट्याचं काम करणाऱ्या माणसाने माझ्या डब्याला हात लावायचा नाही.

काही आठवडे घंटा नीट वाजली. ती वाजली की धाकट्याची बायको पर्यटकांचा चहा तसाच ठेवून धावायची.

मग एका सकाळी लाइट गेली आणि आली. आमच्याकडे हे कुणी मोजत नाही. दुपारी ती पेज घेऊन गेली तेव्हा म्हातारा पलंगाखाली पडलेला होता. डॉक्टर येण्याआधीच गेला.

थोरल्याच्या कॉम्प्युटरवर दर घंटेला एक, अशी खिडकीवर खिडकी उघडलेली होती. मी त्या पाहिल्या आणि कॉम्प्युटर बंद केला.

सुतक दोन्ही घरांना लागलं. पर्यटकांच्या खोल्यांना मात्र लागलं नाही. धाकट्याचं म्हणणं, तो धंदा आहे, घर नव्हे. कार्य उरकल्यावर थोरला भेटायला येणाऱ्यांना सांगू लागला की सगळ्या सोयी केल्या होत्या, पण आयुष्यच तेवढं होतं. ऐकणारे कॅमेऱ्याकडे पाहून माना डोलवत.

एका संध्याकाळी धाकट्याची बायको आमच्या कुंपणाशी आली. इकडचंतिकडचं काही बोलली नाही.

“मास्तरानू, खरा सांगा. मामंजींनी माका हाक मारल्यानी काय?”

मी होय म्हटलं.

“खूप येळा?”

मी पुन्हा होय म्हटलं. मागून धाकट्याने हाक मारली, पर्यटकांची गाडी आली होती. हाक ऐकून ती लगबगीने गेली.