मिस कॉलचं बीजगणित

शालन रोकडे बाईंना मोबाइलमध्ये वर्ग भरवायचं खूळ लागलं ते दोन हजार सातच्या दिवाळीनंतर. खूळ म्हणजे अगदी खूळच. सकाळी अंबरनाथच्या एका शाळेत नोकरी, संध्याकाळी मोरिवलीच्या बुद्धविहारात दहावीचा फुकट वर्ग. तिथल्या विद्यार्थिनी म्हणजे शेजारच्या औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पाकिटं भरणाऱ्या बायका. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे या आठवड्यात पाच जणी यायच्या, पुढच्या आठवड्यात भलत्याच सहा. पायथागोरस एकीला अर्धा कळलेला, उरलेला अर्धा दुसरीला.

त्यातली चांगुणा बाईंच्या जिवाला लागली होती. अकरा वर्षं ती त्या कंपनीत होती. मशीन अडलं की हाक चांगुणाला, माल परत आला की हाक चांगुणाला. पण लाइन इन्चार्ज व्हायला दहावी पास लागायचं. मग काल आलेल्या पोरी चांगुणाकडून काम शिकायच्या आणि सहा महिन्यांत तिच्याच डोक्यावर इन्चार्ज होऊन बसायच्या. गणितात ती तीनदा आपटली होती. घरी पाढे तोंडपाठ, पण पेपर हातात पडला की तिचं डोकं कोरं व्हायचं. चौथ्यांदा फॉर्म भरायला ती तयारच नव्हती.

"या वेळी गेलात ना चांगुणाताई, तर चूक माझी," बाईंनी भर वर्गात सांगितलं. "मग मी हा वर्गच बंद करीन."

बोलून बसल्या खऱ्या. घरी आल्यावर वडिलांनी, आण्णांनी, कपाळाला हात लावला. "अगं, तिच्या परीक्षेवर तू कशाला पैज लावलीस?"

आता वर्गाला यायला बायकांना जमत नव्हतं, तर वर्गानेच बायकांकडे जायला हवं होतं. मोबाइल तर प्रत्येकीकडे होता. बाईंनी आधी मराठीत एसएमएस पाठवला. फोनला मराठी वाचता येत नव्हतं, त्याने अक्षरांच्या जागी डबे दाखवले. "बाई, भूमिती सोप्पी आलीय, नुसते चौकोनच," वर्गातल्या सोनियाने कळवलं. मग बाईंनी चाळीस मिनिटांचा धडा रेकॉर्ड करून दिला. त्याने झोप फार छान लागते, असा निरोप आला.

एकदा शिकवता शिकवता गोजरबाईंचा फोन वाजला. गोजरबाईंनी तो हातात घेतला, गाणं थांबेपर्यंत प्रेमाने बघितला आणि खाली ठेवला.

"उचला की," बाई म्हणाल्या.

"कशाला? गंगू घरातून निघाली, तिचा मिस कॉल हाये."

बाईंनी खडू खाली ठेवला आणि चौकशीच मांडली. एक मिस कॉल म्हणजे निघाले. लागोपाठ दोन म्हणजे नाक्यावर उभी आहे. तीन म्हणजे आज माझी सुट्टी टाक. प्रत्येकीला दिवसाला वीस-पंचवीस मिस कॉल यायचे आणि उचलायचा एकही नाही, उचलला तर समोरची रागवायची. दर वेळी दहा-पंधरा सेकंद गाणं वाजायचं आणि सगळ्या जणी ते मन लावून ऐकायच्या. बाई आनंदाने तशाच उभ्या राहिल्या. एवढा लक्ष देणारा वर्ग त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

रविवारी त्या उल्हासनगरला लालचंद साईंच्या दुकानात हजर. बायकांचे ते चार-चार स्पीकरवाले चायना फोन इथूनच गेलेले.

"मॅडम, लोग इसमें गाना डालते हैं," साईं म्हणाले. "आप गणित डालोगे?"

"डालो," बाई म्हणाल्या.

काउंटरमागे बसून त्यांनी तेरा सूत्रं बोलून घेतली. एकेक सूत्र बारा सेकंदांत बसलं पाहिजे, त्याहून लांब झालं तर मिस कॉल आधी संपतो. बोलताना मध्येच गिऱ्हाईक ओरडलं, ते तसंच आत गेलं. सोनिया पुढे कित्येक दिवस "अधिक दोन ए बी, चार्जर दिखाओ, अधिक बी वर्ग" असंच म्हणत होती.

खरी गंमत पुढे होती. बाईंनी सगळ्यांच्या फोनमध्ये प्रत्येकीच्या नावाला एकेक सूत्र रिंगटोन म्हणून लावून दिलं. गंगूचा मिस कॉल आला की ए अधिक बी कंसाचा वर्ग. गोजरबाईंचा आला की ए वर्ग वजा बी वर्ग. आठवडाभरात मोरिवलीत नुसता धिंगाणा. भाजीच्या गाडीवर बीजगणित, पाण्याच्या रांगेत बीजगणित. चांगुणाचा नवरा शंकरराव आंघोळ करताना अवयव पाडायला लागला. बायकांनी भांडणंसुद्धा सूत्रांत सुरू केली, "आली बघ ती ए वजा बी" असं म्हणून नाकं मुरडायच्या. बाई हवेत चालत होत्या. चांगुणालाही सगळं येत होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. पण पेपर समोर आल्यावर काय होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये बदलापूर गावातल्या एका शाळेत नंबर आले. बीजगणिताच्या दिवशी नऊ जणी धावत आत शिरल्या आणि जाता जाता बाईंच्या कापडी पिशवीत नऊ फोन टाकून गेल्या. बायकांना वाटलं, बाई बंद करतील. बाईंना वाटलं, बंद करूनच दिले असतील. बाई पिशवी मांडीवर घेऊन वर्गाच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर बसल्या.

साडेअकराला कंपनीत चहाची सुट्टी झाली. परीक्षेला न बसलेल्या गंगू, गोजरबाई आणि आणखी दोघी तिकडे चहा पीत होत्या. मैत्रिणींचा पेपर चाललाय, शुभेच्छा नको द्यायला? चौघींनी मिळून नऊ जणींना मिस कॉल द्यायचा सपाटा लावला.

पिशवी बोलायला लागली. आधी एक फोन, मग तीन, मग चार-चार एकदम. ए वर्ग, कंसाचा वर्ग, वजा तीन ए बी, चार्जर दिखाओ, आणि सगळीकडे बाईंचाच आवाज. बाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी पिशवी पोटाशी दाबली, पदराखाली घेतली, शेवटी तिच्यावर बसल्या. चायना फोन कसले ऐकतात, बाईंच्या खालून बीजगणित चालूच राहिलं.

केंद्रसंचालक विष्णुपंत मास्तर छडी घेऊन बाहेर आले. "बाई, उठा. ही कॉपी आहे. या फोनवाल्यांचे पेपर मला बाजूला काढावे लागतील."

बाईंच्या डोळ्यांसमोर चांगुणा आली. "सर, मला काय ती शिक्षा करा, पण त्यांचे पेपर नका काढू. त्यांना यातलं काही माहीत नाही."

मास्तरांनी पिशवीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "तेहतीस वर्षं गणित शिकवतोय. या गोंगाटातलं मला एक सूत्र लागत नाहीये, त्या बायका काय कॉपी करणार?" आणि तिथेच बसून त्यांनी नऊ फोनच्या नऊ बॅटऱ्या काढल्या. पेपरनंतर कुठली बॅटरी कोणाची, यावर बायका तासभर हमरीतुमरीवर आल्या होत्या.

चांगुणा मात्र भांडायला आली नाही. ती सरळ बाईंकडे आली. हसून हसून तिचे डोळे लाल झाले होते.

"बाई, अर्धा तास नुसती बसून होते. एक अक्षर आठवेना. मनात म्हटलं, गेलं हेही वर्ष. आणि तुम्ही बाहेर कोकलायला लागलात. मला खिडकीतून दिसलं, तुम्ही पिशवीवर बसलाय आणि पिशवी गप बसत नाहीये. असं हसू फुटलं बाई, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. हसता हसता भीती कुठं गेली कळलंच नाही. मग लिहीत सुटले."

"लिहिलंत काय पण?"

"मला जे येतं ते."

जूनमध्ये निकाल लागला. चांगुणा कंपनीच्या निळ्या एप्रनमध्येच विहारात आली आणि तिने गुणपत्रिका बाईंच्या हातात दिली. गणितात दीडशेपैकी एकसष्ट. खाली उत्तीर्ण. बाईंनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला गेल्या तर अक्षरं दिसेनात. वर्ग बघतोय याचंही भान न ठेवता त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

चांगुणाने त्यांच्या हातातली गुणपत्रिका आधी काढून घेतली, भिजेल म्हणून. ती एप्रनला पुसली, नीट घडी घातली. "गप बसा बाई," ती म्हणाली, "पास मी झालेय."