मांजरीकडे पाठ करून बसणारे काका

शेजारचे काका आमच्या स्वयंपाकघरात आले की थेट जमिनीवर बसत, मांजरीकडे पाठ करून. मग मला म्हणत, "वहिनी, तिच्याकडं बघू नका. भिंतीकडं बघा." तुमच्या घरी कोणी पाहुणा असा वागला, तर तुम्ही त्याला शिष्टच म्हणाल. मीही म्हटलं होतं.

काका माण तालुक्याकडचे. मुंबईत कारकुनी करून निवृत्त झाले आणि इस्लामपुरात आमच्या शेजारी भाड्यानं राहायला आले. चहात तीन चमचे साखर घेत आणि वर चहाला पांचट म्हणत. बायको गेल्यावर मुंबईच्या खोलीत एका मांजरीनंच सोबत केली, एवढंच स्वतःबद्दल सांगत.

मी डोक्यावर पाटी घेऊन कुंडलपासून गावोगाव फिरले, जुन्या लुगड्यांवर भांडी दिली, तेव्हा कुठे भांड्यांचं दुकान झालं. घाबरणं मला कधी परवडलंच नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मी माझ्याच स्वयंपाकघरात पाऊल टाकायला घाबरत होते.

झालं असं. खिडकीबाहेर एक दांडगा बोका येऊन बसायचा. त्याच्याकडे बघून आमची मांजर गुरगुरत होती. तिला उचलायला मी हात घातला, धक्क्यानं ताटांची चळत धाडकन खाली आली, आणि तिनं माझी पोटरीच धरली. साबणानं जखम धुतली, दवाखान्यात सुया घेतल्या. दुखणं थांबलं, भीती थांबेना. माझी पावलं वाजली की ती कान पाडायची आणि मी मागे सरायची. परात ढालीसारखी पुढे धरून मी चहा करायला जायची.

सासूबाईंनी मांजरीची दृष्ट काढली. मिरच्या-मोहरीचा धूर घरभर झाला. ती फळीवर चढली आणि भाकरीच्या पिठावर मुतली. मी फळी फिनेलनं घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

"हिला आता पोत्यात घालून नदीपल्याड सोडते," मी म्हटलं.

"मग पोतं मोठं आण," सासूबाई म्हणाल्या. "मीबी जाती तिच्यासंगं."

मांजर त्यांच्या पायाशी झोपायची. ती नसली की म्हातारीचा डोळा लागत नसे.

तेव्हा काका आले. "आवं, ती चिडली न्हाई. भ्यालीया."

"कुणाला?"

"तुमाला."

माझं डोकंच फिरलं. चावली ती, आणि गुन्हेगार मी! पण सासूबाईंकडे बघून ऐकलं. फिनेल बंद केलं. त्या उग्र वासानं ती आणखी बिथरते, वर ते तिला विष, असं काका म्हणाले. खिडकीच्या खालच्या काचेवर पुठ्ठा लावला. बोका दिसला की तिला हात लावायचा नाही, खोलीबाहेर निघून जायचं. खाणं मीच ठेवायचं, पण लाडीगोडी करत उभं राहायचं नाही. आणि रोज सकाळी काकांबरोबर भिंतीकडे बघत बसायचं, कारण रोखून बघितलं की ती भिते.

एकदा मात्र त्यांनी कहर केला. कढईवरून एका गिऱ्हाइकाशी माझी जुंपली होती. दुकानामागेच घर. आतून काकांचा आवाज आला, "हळू, वहिनी! ती पलंगाखाली गेली." गिऱ्हाईक हसलं, मी गडबडले, आणि कढई त्यानं मागितलेल्या किमतीला गेली. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

हळूहळू ती माझ्यादेखत खाऊ लागली. मग एका सकाळी पुठ्ठा निसटला. बोका दिसताच मांजर फुगली, आणि जवळ होते काका. तिनं त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला.

काका ओरडले नाहीत. नळाखाली साबणानं हात धूत राहिले. मी पोतं शोधायला वळले.

"सोडू नका तिला. मी सुई घेऊन येतो. उद्या बसू."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लय वाटती. पहिल्या दिवसापास्नं."

काका थंडीत झोपेतच गेले. मांजर आहे, सासूबाईंच्या पायाशी. थोडी भिते अजून. मीही.

मला अजून दिसते ती काकांना चावल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. हाताला पट्टी बांधून काका आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे. एक पाय उंबऱ्याच्या आत घालायचे, परत मागे घ्यायचे. कपाळावर घाम. मी म्हटलं, "या ना."

"थांबा जरा," काका म्हणाले. आणि चौकट घट्ट धरून, डोळे मिटून, आत आले.