शेवटच्या घरचं पाणी

"मागच्याचं बघा की, मालक!"

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. दारात घोळका करून उभ्या राहणाऱ्या लोकांना आत सरकवता सरकवता ते त्यांच्या जिभेवर बसलं, ते रिटायर झाल्यावरही उतरलं नाही. आमच्या गल्लीत दुसऱ्या नंबरचं घर बांधून ते राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगा वाळूजला कंपनीत, बजाजनगरला खोली करून राहिलेला. घरात हे एकटे. पंगतीत वाढप्यानं पहिल्यांनाच जिलेबीचा मारा केला की यांचा आवाज यायचा, "मागच्याचं बघा की!" गणपतीच्या प्रसादाला तेच, रेशनच्या रांगेत तेच. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

सकाळी दूध आणायला निघाले की गल्लीच्या बातम्या त्यांच्याबरोबर निघत. प्रत्येक फाटकाशी अर्धा मिनिट, जास्त नाही. "वकिलाच्या पोरीचं जमलं. पाहुणे पैठणचे. बस्ता शनवारी, गुलमंडीत. पाणी मंगळवारी. अन् कोपऱ्यावरच्या आजींचा पाय मुरगळलाय, मंडईत जाणार असशील तर त्यांची बी भाजी आण." म्हणजे बातमी ऐकायची आणि लगेच कामाला लागायचं. नुसती ऐकून सोडली तर दुसऱ्या दिवशी विचारायचे, "आणली का रे भाजी?" मी कोर्टात कारकून. मला साहेबांची भीती वाटली नाही तेवढी या प्रश्नाची वाटायची.

आता पाण्याचं सांगतो, कारण खरं सांगायचंय ते पाण्याचंच.

आम्ही गारखेड्यात आलो तेव्हा गल्लीच्या पलीकडं ज्वारी उभी असायची. बघता बघता तिथं बिल्डिंगा उठल्या. नळ वाढले, पाइप तोच राहिला. त्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं. आठव्या दिवशी पाणी, तेही तास-दीड तास. गल्ली चढाची. पाइपाचं तोंड खाली रस्त्याला आणि शेपूट वर, शोभाच्या घरापाशी. शोभा म्हणजे शेवटचं घर. नवरा शिफ्टमध्ये, ही शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायची. पाणी आलं की आम्ही सगळे काय करायचो? नळाला थेट मोटार जोडायची आणि खटका दाबायचा. पाइपातलं पाणी सरळ आपल्या टाकीत. खालच्या चार घरांनी मोटारी लावल्या की वर शोभाच्या नळाला नुसती फुसफुस. हे सगळ्यांना ठाऊक होतं. न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो.

मामांनी यावर आपल्या धंद्यातला उपाय काढला. जुनी शिट्टी होतीच. पाण्याच्या दिवशी सकाळी गल्लीत यायचे आणि एक शिट्टी मारायचे. म्हणजे पाणी आलं, मोटारी बंद. वरच्या घरांचं भरेपर्यंत अर्धा तास सगळ्यांनी थांबायचं. मग ते वरून खाली चालत यायचे आणि दोन शिट्ट्या मारायचे. म्हणजे लावा आता मोटारी, चालू द्या.

गंमत अशी, की ते चाललं. दोन उन्हाळे चाललं! त्यांचं स्वतःचं घर खाली, त्यांना तर मोटारीशिवाय धो धो पाणी यायचं. या भांडणात त्यांचा स्वतःचा एका तांब्याचाही फायदा नव्हता, म्हणून कुणाला तोंड उघडायला जागा नव्हती.

पण माणूस चोरी करायची म्हटली की डोकं कसं चालवतो बघा. चौथ्या घरात बँकेतले साहेब. त्यांनी मोटारीवर गोधडी पांघरली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वर पुन्हा त्यांच्या बाई त्याच अर्ध्या तासात मिक्सर लावून बसायच्या. आठ दिवसांची चटणी एकाच सकाळी! मामांना फसवणं इतकं सोपं नव्हतं. ते फाटकाबाहेरच्या पाइपावर तळहात ठेवायचे. आत मोटार चालू असली की पाइप थरथरतो. हात न काढताच हाक मारायचे, "वहिनी, गोधडी काढा, उकडून मरंल ती बिचारी." सगळी गल्ली फिदीफिदी हसायची. साहेब लाल होऊन मोटार बंद करायचे. मीही हसायचो. माझ्या हसण्याची मला आता किळस येते.

शोभाच्या पोरीचं लग्न ठरलं ते तिसऱ्या उन्हाळ्यात. बातमी मामांनीच फिरवली. हळदीचा दिवस नेमका पाण्याचा. शोभा घाबरली. टँकर सांगावा का म्हणून विचारायला आली तेव्हा मी मामांच्या ओट्यावरच बसलो होतो.

"कशाला टँकर?" मामा म्हणाले. "आपल्या गल्लीतली पोरगी हाय. त्या दिवशी अर्धा नाय, तासभर मोटारी बंद. पाणी माझ्याकडं लागलं."

"नाय आलं तर, मामा?"

"न यायला काय झालं? एवढी माणसं हायत की."

त्यांनी घरोघर जाऊन शब्द घेतला. आम्ही सगळ्यांनी तो अगदी छातीवर हात ठेवून दिला. इतकंच नाही, गल्लीनं आणखी एक ठरवलं. शोभाचं घर दोन खोल्यांचं, तिचे पाहुणे गंगापूरकडून येणार, तर ते आम्ही घरोघर वाटून घेतले. माझ्याकडं सात जण आले. साहेबांकडं नऊ. मामांकडं लहान पोरं-सोरं धरून बारा. आदल्या संध्याकाळी गल्लीत एवढी हौस होती की वाटावं, लग्न आमच्याच घरी आहे.

सकाळी एक शिट्टी वाजली.

माझ्या घरी सात जण खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभे. टाकी रिकामी. बायको म्हणाली, "अहो, हळदीच्या घरचीच माणसं आहेत. त्यांच्या आंघोळी नकोत का व्हायला? आपण आपल्यासाठी थोडीच लावतोय?" मला ते पटलं. लगेच पटलं! पाहुणे शोभाचे, काम शोभाचं, मग एका मोटारीनं काय होतंय? पाहुण्यांच्याच अंथरुणातली एक गोधडी ओढली, मोटारीवर टाकली आणि खटका दाबला.

हाच विचार त्याच दहा मिनिटांत बारा घरांनी केला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी कुणीही स्वतःसाठी चोरी केली नाही. सगळ्यांनी लग्नघरासाठी केली, आणि लग्नघर कोरडं पडलं.

मामा माझ्या फाटकाशी आले. पाइपावर हात ठेवला. मी दारात, माझ्या मागं केस पुसत असलेले पाहुणे. आता गोधडीवरून काहीतरी बोलतील, म्हणून मी हसायची तयारी करून ठेवली होती. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या फाटकाकडं गेले. तिथंही हात ठेवला. मग त्याच्या पुढच्या. असं करत वरपर्यंत गेले. खटका बंद करायला मला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं. पण पाहुण्यांसमोर कसं दिसेल, म्हणून मी उभा राहिलो.

तासाभरानं आम्ही सगळे हळदीला गेलो. आमच्या घरून आंघोळी करून, पावडरी लावून आलेले पाहुणे मांडवात खुर्च्यांवर बसले होते, आणि नवरीच्या आंघोळीला पाणी नव्हतं. हळद लावलेली पोरगी पाटावर बसून होती. शोभा नळाची तोटी धरून उभी. रडत नव्हती. तोटी एकदा उघडायची, एकदा बंद करायची.

तेवढ्यात मामा आले. खांद्यावर हंडा. स्वतःच्या टाकीतलं पाणी उपसून, अख्खा चढ चढून आणलेलं. त्यांच्याही घरी बारा पाहुणे होते. त्यांना म्हणे त्यांनी सांगितलं होतं, "हातपाय धुवा फक्त, आज पाणी पोरीचं हाय." हंडा ओतला आणि पुन्हा खाली निघाले. सत्तरीचा माणूस, वैशाखाचं ऊन. दुसऱ्या खेपेला मी धावत गेलो आणि हंड्याला हात घातला.

ते म्हणाले, "राहू द्या. तुमच्याकडं पाहुणे आहेत. तुम्ही जा."

दहा वर्षं मला अरे-तुरे करणारा माणूस. त्यानं मला 'तुम्ही' म्हटलं! शिव्या दिल्या असत्या, मांडवात सगळ्यांसमोर कान धरला असता, तरी मी सोसलं असतं.

पुढच्या आठवड्यात पाणी आलं, शिट्टी वाजली नाही. मी विचारायला गेलो. दारातच म्हणाले, "बेल मारल्यावर गाडी थांबत असंल तर ती बेल. नायतर नुसता आवाज. तो कशाला करू?" सकाळच्या बातम्याही थांबल्या. दूध घेऊन मान खाली घालून परत यायचे. दिवाळीआधी त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि ते बजाजनगरला गेले. निरोप घ्यायला फक्त शोभाकडं गेले होते.

पुढच्या वर्षी ते वारले. आम्हाला कळलं तेराव्यानंतर, तेही मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये. एकानं लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली पंचवीस जणांनी हात जोडले. आजींच्या मुरगळलेल्या पायाची बातमी ज्यानं अर्ध्या तासात घरोघर पोचवली, त्याच्या मरणाची बातमी त्याच गल्लीला पंधरवड्यानं मिळाली. हात जोडणाऱ्यांत मीही होतो.

मग आमच्यातल्या उत्साही मंडळींना उमाळा आला. मामांच्या स्मरणार्थ पाणपोई! गल्लीच्या तोंडाशी स्टीलची टाकी, थंड पाण्याची, वर मामांच्या फोटोचा हा एवढा फ्लेक्स. उद्‌घाटनाला शोभाला बोलावलं. साहेबांनी भाषण केलं. मामांनी स्वतःच्या टाकीतलं पाणी खांद्यावरून वाहून नवरीची आंघोळ कशी करवली, ते सांगताना त्यांनी खिशातून रुमाल काढला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. टाळ्या पडल्या. असा त्याग आता बघायला मिळत नाही, साहेब म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीही टाळी वाजवली. वाजवली, खोटं कशाला बोलू?

शोभाच्या हातात पहिला पेला दिला. तिनं तो धरून ठेवला, प्यायली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "पण त्या दिवशी आमचं पाणी गेलं कुठं होतं?"

ती टाकीमागं बघत होती. टाकी भरायला नळावर नवी कोरी मोटार बसवली होती, थेट. तिनं पेला टेबलावर ठेवला आणि चढानं आपल्या घरी गेली. मंडळींनी लगेच पेढे वाटायला घेतले.

मी घरी आलो, पाना घेतला आणि माझी मोटार नळावरून काढली. बायको म्हणाली, "आता?" पुढच्या पाण्याला शोभा बायकोला सांगत होती, आज दोन बादल्या जास्त आलं. दोन बादल्या, एका मोटारीच्या.

बाकीच्या अजून चालू आहेत, पाणपोईची धरून. प्रत्येक पाण्याला मी उठतो, फाटकाबाहेर पडतो, साहेबांच्या पाइपापर्यंत जातो. हात ठेवायची गरज नसते, आवाज ऐकू येतोच, हल्ली कुणी गोधडीसुद्धा टाकत नाही. बोलायला तोंड उघडतो आणि परत फिरतो. कारण साहेब पहिलाच प्रश्न विचारतील, तुम्ही तुमची कधी काढली? आणि 'मामा गेल्यावर' हे उत्तर मला त्या माणसाच्या गल्लीत उभं राहून देता येत नाही.